मराकेशच्या रात्री आणि आमचा श्रावण

मराकेशला जाऊन आले असं सांगितलं की लोक हमखास दोन गोष्टी विचारतात. उंटावर बसलात का, आणि शाकाहारी माणसाचे तिकडे हाल होतात का. उंटावर बसले नाही, आणि हालही झाले नाहीत, कारण मातीच्या भांड्यात शिजवलेला भाज्यांचा ताजीन तिथे कुठेही मिळतो. पण मला खरं सांगायचं असतं ते तिथल्या रात्रींबद्दल, आणि रात्री तिथली माणसं काय पितात, कुठे बसून पितात त्याबद्दल. सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त बाईंनी या विषयावर लिहावं याचं काहींना नवल वाटेल. वाटू दे. माझं बालपण दारूच्या वासाशेजारी गेलं आहे, त्यामुळे हा विषय मला परका नाही.

मुलगी आणि जावई फ्रान्समध्ये असतात. तिथून मोरोक्को जवळ, म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही तिघं आठ दिवस मराकेशला गेलो. दिवसभर राजवाडे, मदरसे, बागा पाहायच्या आणि संध्याकाळी हिंडायचं असा बेत होता. मुलीला फ्रेंच उत्तम येतं आणि तिथे ते चालतं, म्हणून बोलण्याची अडचण आली नाही. माझी फारसी-अरबी म्हणजे मराठीत जेवढी शिरली आहे तेवढीच. पण तीही बऱ्यापैकी उपयोगी पडते हो!

आता हेच बघा. शहराच्या मधोमध जो प्रसिद्ध चौक आहे त्याचं नाव जमा अल-फना. 'जमा' आपल्याला जामा मशिदीमुळे ठाऊक, आणि 'फना' हिंदी गाण्यांमुळे. या नावाचे अर्थ अनेक सांगतात. एक असा की सुलतान अहमद अल-मन्सूरने सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथे मोठी मशीद बांधायला घेतली, ती पुरी झाली नाही, पडीक राहिली, म्हणून ही 'उद्ध्वस्त मशीद'. दुसरा अर्थ मृतांचा मेळावा, कारण पूर्वी गुन्हेगारांना इथे देहदंड देत. नाव असं भयाण, आणि संध्याकाळी पाहावं तर आपल्याकडची मोठी जत्राच. सूर्य कलला की हातगाड्या येतात, बघता बघता खानावळी उभ्या राहतात, धुराचे लोट उठतात. मागे कुतुबिया मशिदीचा बाराव्या शतकातला मनोरा, सुमारे सत्त्याहत्तर मीटर उंच, सगळ्यांवर नजर ठेवून.

या चौकात गोष्टी सांगणारे असतात. भोवती माणसांचं कडं करून ते जुन्या कथा रंगवतात. त्या कड्याला हलका म्हणतात. स्पॅनिश लेखक हुआन गोयतिसोलो हे अनेक वर्षं मराकेशमध्ये राहिले आणि २०१७ साली तिथेच वारले. या चौकावर इमारती आणि पार्किंगचं आक्रमण होऊ नये म्हणून त्यांनी फार खटपट केली. युनेस्कोने २००१ साली या चौकाच्या मौखिक परंपरेचा गौरव केला आणि २००८ साली ती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. दगडामातीचा वारसा सगळेच जपतात, पण बोलण्याचा वारसा जपायचा ही कल्पना, सगळं आयुष्य वर्गात बोलण्यात घालवलेल्या मला फार आवडली. अर्थात कथेकरी आता थोडे उरलेत. वाजवणारे, नाचणारे, माकडवाले जास्त.

तर मूळ मुद्दा. एवढी हजारो माणसं रात्री उशिरापर्यंत या चौकात असतात, आणि तिथे दारूचा एक थेंब विकला जात नाही. मग पितात काय? संत्र्याचा रस. रसवाल्यांच्या गाड्यांची रांगच आहे, संत्र्यांचे डोंगर रचलेले. हरिरा नावाचं टोमॅटो, मसूर आणि हरभऱ्याचं सूप, पण त्यात बहुधा मांस असतं, म्हणून मी ते लांबूनच पाहिलं. गोगलगाईंचा रस्सा. (हाही लांबूनच!) आणि एक पितळी बंबातून निघणारा वाफाळता तिखट काढा. त्याचं नाव विचारलं तर गाडीवाला म्हणाला, खुदेंजल. एक घोट घेतला आणि जीभ चमकली. अहो, हे तर आपलं कुलिंजन! नावही तेच, चवही तीच. बत्तीस वर्षं वर्गात ओरडून घसा बसला की कोष्टकुलिंजनाचा तुकडा दाढेखाली धरायचा ही माझी सवय, तो डबीत घालून पर्समध्ये असायचाच. इथे त्याचा दालचिनी, लवंग, आलं घालून काढा करतात आणि थंडीच्या रात्री माणसं उभ्या उभ्या पितात. मसाल्याबरोबर त्याचं नावही किती लांब चालत गेलं, याचं मला कौतुक वाटलं.

आणि अर्थात चहा. हिरवा चहा, त्यात पुदिन्याची जुडीच्या जुडी, आणि साखर इतकी की आपला टपरीवरचा चहा अळणी वाटावा. किटली हातभर उंच धरून छोट्या काचेच्या पेल्यात ओततात, वर फेस येतो. मला वाटलं होतं हे हजार वर्षांचं असेल. तसं नाही. चहा तिथे अठराव्या शतकात राजदरबारी पोचला होता, पण घराघरात गेला तो एकोणिसाव्या शतकात. १८५० च्या दशकात क्रिमियाचं युद्ध झालं, इंग्रज व्यापाऱ्यांच्या नेहमीच्या बाजारपेठा अडल्या, म्हणून त्यांनी चिनी चहा तँजिअर आणि मोगादोरच्या बंदरांत उतरवला. म्हणजे आपल्यालाही चहा लावला इंग्रजांनीच आणि त्यांनाही! पुदिना तेवढा त्यांचा. या चहाला ते थट्टेने 'मोरोक्कोची व्हिस्की' म्हणतात. प्रत्येक वेटर हा विनोद स्वतःचा असल्यासारखा करतो, आणि आपण प्रत्येक वेळी हसायचं असतं.

चौकाभोवतीच्या चहाघरांच्या गच्चीवर बसून हे सगळं दिसतं. २०११ च्या २८ एप्रिलला इथल्याच अर्गाना नावाच्या कॅफेत बॉम्बस्फोट झाला, सतरा माणसं गेली. आणि २०२३ च्या ८ सप्टेंबरच्या रात्री भूकंप झाला तेव्हा जुन्या शहरातली माणसं मोकळ्या जागांवर येऊन झोपली होती. चौकातल्या एका लहान मशिदीचा मनोरा तेव्हा कोसळला. डोंगरातल्या गावांची स्थिती फार वाईट झाली, सगळे मिळून जवळजवळ तीन हजार लोक मेले. आम्ही गेलो ते त्यानंतर पाचच महिन्यांनी. तरी चौक भरलेला होता.

मग दारू कुठे? जुन्या शहरात, म्हणजे मदिनेत, ती फारशी नाही. मशिदी गल्लोगल्ली, त्यामुळे परवाना मिळणं अवघड. काही हॉटेलं आणि वाड्यांचे केलेले 'रियाद' पाहुण्यांना देतात, तेवढंच. दारूचं मराकेश दोन-तीन किलोमीटरवर आहे, गेलिझ नावाच्या भागात. १९१२ साली फ्रेंचांनी मोरोक्कोवर अंमल बसवला तेव्हा जुन्या शहराला हात न लावता शेजारी नवीन शहर वसवायचं असं त्यांचं धोरण होतं. रुंद रस्ते, झाडं, टपाल कचेरी, चर्च, आणि कॅफे. जुन्या शहराच्या तटाला लागूनच १९२३ साली ला मामुनिया हे बडं हॉटेल निघालं. चर्चिलसाहेब तिथे येऊन राहायचे. १९४३ च्या जानेवारीत कॅसाब्लांकाची परिषद आटोपल्यावर ते रूझवेल्टना हट्टाने मराकेशला घेऊन आले, सूर्यास्ताचा अॅटलास पर्वत दाखवायला. रूझवेल्ट गेल्यावर त्यांनी कुतुबियाचं चित्र काढलं आणि त्यांना भेट दिलं. तेच चित्र २०२१ साली लिलावात सुमारे त्र्याऐंशी लाख पौंडांना गेलं. त्या हॉटेलात चर्चिलच्या नावाचा बारही आहे. आम्ही बाहेरूनच नमस्कार केला, आमच्या खिशाचं ते काम नव्हे.

आता कायदा ऐका. १९६७ सालच्या तिथल्या हुकुमानुसार परवानाधारकाने मोरोक्कन मुसलमानाला दारू विकायची नाही, फुकटसुद्धा द्यायची नाही. दारू पिऊन रस्त्यावर सापडलं तर तुरुंग. आणि देशातले बहुतेक सगळे लोक मुसलमान! म्हणजे दारू फक्त आमच्यासारख्या परक्यांसाठी. पण त्याच देशात मेकनेस शहराभोवती द्राक्षमळे पसरलेत. रोमन काळापासून तिथे द्राक्षं होतात. फ्रेंचांनी मळे वाढवले, १९५६ च्या स्वातंत्र्यानंतर ते ओसरले, आणि १९९० च्या दशकात राजे हसन दुसरे यांच्या काळात फ्रेंच कंपन्यांना बोलावून परत उभे केले. वर्षाला काही कोटी बाटल्या वाइन निघते, आणि ती बहुतेक देशातच खपते. बिअरही तिथलीच, कॅसाब्लांका, फ्लॅग, स्टॉर्क अशा नावांची. सरकारला त्यावर कर मिळतो. हे सगळं परदेशी पाहुणे पीत असतील तर धन्य ते पाहुणे!

मुलगी म्हणाली, "आई, असा कसा हा कायदा?" मी म्हटलं, "तुझ्या महाराष्ट्रात काय आहे?" तिला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे. दारू प्यायची तर परवाना लागतो, एक दिवसाचासुद्धा मिळतो. बारमध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात तो असतो, हे तुम्ही मला सांगू नका आणि मी तुम्हाला विचारत नाही.

एका संध्याकाळी गेलिझमध्ये जुन्या टपाल कचेरीजवळच्या एका कॅफेत आम्ही जेवायला गेलो. फ्रेंच काळातली इमारत, उंच छत, वेताच्या खुर्च्या. जावयांनी आधी मला विचारलं, "आई, मी एक ग्लास घेतला तर चालेल का तुम्हाला?" त्यांचं हे विचारणं मला आवडलं. चालेल म्हटलं. त्यांनी मेकनेसची वाइन मागवली, मी लिंबाचं सरबत. शेजारच्या टेबलावर दोन मोरोक्कन मुली, एकीच्या डोक्यावर रुमाल, एकीच्या नाही. रुमालवालीसमोर कॉफी आणि दुसरीसमोर वाइन. दोघी हसून हसून दमल्या होत्या. कुणी त्यांच्याकडे वळून पाहत नव्हतं.

परतताना मात्र दुसरं दृश्य पाहिलं. एका आडरस्त्यावर एक साधा बार. चहाच्या कॅफेत सगळ्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या असतात, माणसं रस्ता बघत बसतात आणि रस्ता त्यांना. इथे सगळं उलट. काचा रंगवलेल्या, दाराला आतून जाड पडदा. एक माणूस बाहेर आला तेव्हा पडदा क्षणभर हलला, धूर आणि वास रस्त्यावर आला. त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि भिंतीच्या कडेने झपाझप चालू लागला. ती मान वळवण्याची पद्धत मला पाठ आहे. माझे अण्णा अशीच मान वळवायचे.

आम्हाला बाहेरगावी नेणारा ड्रायव्हर पन्नाशीचा, बोलका. एकदा धाब्यावर थांबलो तेव्हा जावयांनी गमतीने विचारलं, तुम्ही पिता का हो कधी? तो म्हणाला, पितो, पण आता नाही. फेब्रुवारी लागल्यापासून बंद. रमजान मार्चच्या बारा तारखेच्या सुमाराला येणार, त्याच्या आधी चाळीस दिवस आम्ही सोडतो. दारू प्यालं तर चाळीस दिवस प्रार्थना पोचत नाही अशी समजूत आहे. म्हणून आधी चाळीस दिवस आणि मग रमजानचा महिना. माझ्यासारखे पुष्कळ आहेत, तो म्हणाला. वर्षभर नमाज चुकवतील, पण हे चाळीस दिवस नाही चुकवणार.

मुलगी मला हे मराठीत सांगत होती आणि माझ्या हातातला चहा थंड होत होता.

आमचे अण्णा सोलापूरच्या एका गिरणीत होते. माणूस हुशार, अक्षर मोत्यासारखं, पण संध्याकाळी हातभट्टी. तेव्हा राज्यात दारूबंदी होती. माल सायकलच्या ट्यूबमधून यायचा आणि सगळ्या गल्लीला, पोलिसांनाही, तो कुठून येतो ते माहीत असायचं. कायद्याने अण्णांचा एक पेलासुद्धा कमी झाला नाही. पण श्रावण आला की अण्णा थांबायचे. आदल्या दिवशी अमावास्येला काय व्हायचं ते लिहीत नाही, लोक हल्ली त्याला गटारी म्हणून हसतात, आमच्या घरात कुणी हसत नसे. पण प्रतिपदेला सकाळी अण्णा आंघोळ करून, गंध लावून बसायचे आणि महिनाभर त्या वाटेला जायचे नाहीत. संध्याकाळी घरी असायचे. वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, चुकीचा उच्चार आम्ही पकडला तर खूष व्हायचे. मी पुढे भाषा शिकवली, त्याची सुरुवात त्या श्रावणातल्या संध्याकाळींची आहे.

१९६६ साली अधिक श्रावण आला. मी चौदा वर्षांची. अण्णांच्या मित्रांनी सांगितलं, अधिक महिना धरायचा नसतो, निज तेवढा पाळ. अण्णांनी दोन्ही पाळले. सलग दोन महिने! आई त्या पावसाळ्यात गाणं गुणगुणायची हे मला आठवतं, एरवी तिचा आवाज कसा आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मग पिठोरी अमावास्या आली. मुलांच्या आयुष्यासाठी आया पिठोरीचं व्रत करतात. आईने व्रत केलं, डोक्यावरून मागे वाण देत "अतिथी कोण?" विचारलं, आम्ही नावं सांगितली. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा घरी आले नाहीत. रात्री आले ते भिंतीच्या कडेने.

१९७१ साली ते गेले. यकृताने. वय शेहेचाळीस. मी कॉलेजात होते. आईने शिवणाच्या मशिनवर आमची शिक्षणं केली.

माझा आयुष्यभराचा प्रश्न एकच होता. जो माणूस दोन महिने थांबू शकतो तो बारा महिने का थांबू शकत नाही? दारू सुटतच नाही असं असतं तर मी समजू शकले असते. पण सुटत होती. ठरवलं की सुटत होती. तिथिवार पाहून सुटत होती. मग आमच्यासाठी का नाही? देवाला जे दिलं ते आईला का नाही दिलं? अण्णांना हे विचारायचं राहून गेलं असं म्हणणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीने वडिलांना असं विचारायचं नसतं, आणि पुढे विचारायला ते उरले नाहीत.

त्या धाब्यावर मी मुलीला म्हटलं, याला विचार, सत्तर दिवस सोडू शकतोस तर कायमची का सोडत नाहीस? मुलगी घुटमळली. "आई, असं कसं विचारू?" मी म्हटलं, म्हातारी बाई विचारते म्हणून सांग, म्हातारीला सगळं माफ असतं.

तो रागावला नाही. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, त्या दिवसांना शेवट दिसतो ना. रोज रात्री मी एक दिवस वजा करतो. कायमची म्हटली की वजा कशातून करायचं?

मी पुन्हा विचारलं, बायको काय म्हणते? तो हसला, पण डोळे हसले नाहीत. म्हणाला, मी वजा करतो, ती मोजते. ईद जवळ आली की ती कमी बोलायला लागते.

पिठोरीची माझी आई मला तिथे अॅटलासच्या पायथ्याशी दिसली. भाषा वेगळी, देव वेगळा, महिना वेगळा. ईदच्या आधी कमी बोलणारी ती बाई मी पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही, पण तिच्या स्वयंपाकघरातली शांतता मला अगदी ओळखीची आहे.

ड्रायव्हरचं उत्तर मी पुष्कळदा घोळवून पाहिलं आहे. ते पुरेसं आहे असं मला वाटत नाही. दिवस वजा करणारा माणूस पुढचे दिवस घरच्यांच्या खात्यावर चढवत असतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. पण ते खोटंही वाटत नाही. आता कुणी व्यसनमुक्तीच्या सभांमधून 'फक्त आजचा दिवस' असं शिकवतात, ते कदाचित याचसाठी. जन्माचं ओझं न देता एका दिवसाचं द्यायचं, आणि रोज संध्याकाळी ते पुन्हा उचलायचं. अण्णांच्या काळी सोलापुरात आम्हाला अशी सभा ठाऊक नव्हती. आम्हाला ठाऊक होता तो कायदा, जो कुणी पाळत नव्हतं, आणि श्रावण, जो पाळला जायचा. मधलं काही नव्हतं.

मराकेशला गेलात तर रात्री चौकात जरूर जा. खुदेंजल प्या, घशाला चांगलं असतं. गेलिझमध्ये कुणी वाइन घेत असेल तर घेऊ द्या, त्या हसणाऱ्या मुलींनी माझं काही वाईट केलं नाही, आणि जावयांनीही एका ग्लासावर दुसरा घेतला नाही. एखाद्या रंगवलेल्या काचेच्या दारातून कुणी बाहेर पडून डावी-उजवीकडे पाहिलं तर मात्र आपण नजर वळवावी. त्याच्याकडे पाहणारी माणसं त्याच्या घरी आहेत, आणि ती पुरेशी जागी असतात.

मी घरी परतले. २०२४ च्या १२ मार्चला मोरोक्कोत रमजान लागल्याचं मुलीने फोनवर सांगितलं. दहा एप्रिलच्या ईदनंतर तिने सहज विचारलं, आई, आपल्या त्या ड्रायव्हरचं काय झालं असेल गं? मी म्हटलं, त्याचं जाऊ दे, त्याच्या बायकोने त्या दिवशी स्वयंपाक काय केला असेल ते मला सांग.